मंडईला जोतीरावांचे नाव दिले, जोतीरावांचा हिशेब कुठे ठेवला?

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांना उधाण येते. ११ एप्रिलला राष्ट्रपिता जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिलला विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. वर्गणी गोळा होते, मंडप पडतो, निळे झेंडे लागतात, व्याख्यान ठेवले जाते. हे झालेच पाहिजे. पण त्याच महिन्याच्या १ तारखेला आणखी एक गोष्ट घडते आणि तिचा फ्लेक्स कुठेच लागत नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद या सगळ्यांचे नवे आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होते. आपण पन्नास-शंभर रुपयांच्या पावत्या फाडत असतो, तेव्हा आपल्याच करातून जमलेल्या पैशाची वाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकलेली असते. त्या सभेला आपण नव्हतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, शहराचे अंदाजपत्रक आणि शहराच्या जमिनीचा आराखडा हा फुले-आंबेडकरी चळवळीचा मूळ विषय आहे. तो आपण कुठून उसना आणलेला नाही. आपल्या महापुरुषांनी तो स्वतः हाताळला, नगरपालिकेच्या सभागृहात, कौन्सिलात आणि तळ्याच्या काठावर. आपण त्यांचे पुतळे सांभाळले, त्यांची नावे चौकांना मिळवून दिली. पण त्यांची हिशेबाची वही मात्र दुसऱ्यांच्या हातात राहू दिली. याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याच्या मध्यवस्तीत उभे आहे. त्याचे नाव महात्मा फुले मंडई.

नगरपालिकेतले जोतीराव

जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळात शहराच्या कारभारात आवाज होता तो घरदारवाल्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि इंग्रजी शिकलेल्या वरच्या जातींचा. पुढे मतदान आले तेही कर आणि मालमत्तेच्या अटीवर आले. ज्याच्या नावावर घर नाही, त्याला शहराच्या भवितव्यावर मत नाही. माळी, कुणबी, मांग, महार यांचे घाम गाळणारे हात शहरात होते, पण सभागृहात नव्हते.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना शहराची एक व्याख्या सगळ्यांकडून पाठ करून घेतली जाते: मोठी लोकसंख्या, दाट वस्ती आणि विविधता. लुई वर्थ या अमेरिकन अभ्यासकाने १९३८ मध्ये ती मांडली. व्याख्या चुकीची नाही. पण तिच्यात जकात नाही, पट्टी नाही, पैसा कोणाकडून आला आणि कोणाच्या दारात गेला हा प्रश्न नाही. जोतीरावांनी त्याच्या अर्धशतक आधी शहराकडे नेमके त्याच बाजूने पाहिले होते.

त्यांना ते दिसले, कारण ते दोन्हीकडचे होते. घराणे फुलांच्या धंद्यातले, समाज भाजीपाला पिकवणारा. स्वतः ते कंत्राटदारही होते. खडकवासला धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. दगड, चुना, मजुरी, बिले आणि त्यांत कोण किती खातो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. सार्वजनिक बांधकाम म्हणजे काय, हे त्या सभागृहातल्या पुष्कळ विद्वानांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असणार.

शेतकरी गाडी भरून माल शहरात आणतो, तेव्हा वेशीवर नगरपालिका त्याच्याकडून जकात घेते. म्हणजे शहराच्या तिजोरीत खेड्याचा पैसा असतो. त्या पैशातून दिवे लागतात, रस्ते होतात, बागा होतात. पण गाडीवाला संध्याकाळी त्याच धुळीच्या रस्त्याने घरी परततो. ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये जोतीरावांनी सरकारी करांबरोबर म्युनिसिपालट्यांच्या या जकातीवरही आसूड ओढला आहे.

एक हजार रुपये आणि एकटे मत

१८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहर सजवण्याचा आणि त्यांना मानपत्र देण्याचा घाट घातला गेला. नगरपालिकेच्या पैशातून एक हजार रुपये खर्च करायचे ठरले. जोतीरावांचे चरित्रकार सांगतात की, ३२ सभासदांत एकट्या जोतीरावांनी या खर्चाविरुद्ध मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रसंग आपल्याला माहीत आहे, भाषणांत आपण तो सांगतो. पण सांगताना तो ‘निर्भीडपणा’च्या खात्यात टाकतो आणि मोकळे होतो. साहेबासमोर न झुकणारा बाणेदार माणूस, एवढेच चित्र उरते. खरे तर जोतीरावांनी तिथे अंदाजपत्रकातल्या एका रकमेवर बोट ठेवले होते. ही रक्कम कोणाच्या खिशातून आली? ती कशावर चालली आहे? तिच्याऐवजी काय होऊ शकले असते? कोणत्याही अंदाजपत्रकाला विचारायचे हेच तीन प्रश्न आहेत.

त्याच वर्षी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला लिहिले. एका बाजूने नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि दुसऱ्या बाजूने गरिबाचे आरोग्य आणि संसार बुडवणारी दुकाने वाढू देते, ही विसंगती त्यांनी दाखवली. वस्तीत कोणते दुकान असावे आणि कोणते नसावे, हाही नियोजनाचाच प्रश्न आहे. आजही तो सर्वांत आधी आपल्या वस्तीच्या तोंडावर येऊन उभा राहतो.

रे मार्केटचा वाद

त्याच काळात मंडईचा विषय पुढे आला. तोवर पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात विकली जाई. शुक्रवार पेठेत जागा घेऊन तिथे भव्य, बंदिस्त मंडई बांधायची असे ठरले. खर्च लाखांच्या घरातला. आराखडा वॉल्टर ड्यूकॅट यांचा, बांधकाम वासुदेव कानिटकर यांचे. मधोमध मनोरा, अष्टकोनी रचना, बाहेर पसरलेल्या भुजा. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले: रे मार्केट.

जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला. त्यांच्या बाजूने हरि रावजी चिपळूणकर उभे राहिले. शहरात शिक्षणाची ही दशा असताना एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला, असा त्यांचा मुद्दा होता. बहुमत त्यांच्याकडे नव्हते. मंडई झाली.

इथे आपल्यातलाच एखादा तरुण विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की जोतीरावांचे चुकले नाही का? मंडई शंभर-सव्वाशे वर्षांहून जास्त काळ टिकली, हजारो विक्रेत्यांचे पोट तिच्यावर चालले, भाजी उन्हापावसातून आत आली. मग विरोध कशाला?

इमारत उपयोगी ठरली, यात वाद नाही. पण मंडई हवी की नको, यावर जोतीराव भांडत नव्हते. आधी काय आणि नंतर काय, यावर ते भांडत होते. तिजोरी एकच असते. शाळेचा पैसा मनोऱ्यात गेला तर शाळा पुढच्या वर्षावर जाते आणि पुढचे वर्ष म्हणता म्हणता एक पिढी निघून जाते. मनोरा दिसतो, जी शाळा झालीच नाही ती कोणाला दिसत नाही. म्हणून मनोऱ्याची बाजू घेणे सोपे असते आणि न झालेल्या शाळेची बाजू घेणारा माणूस ‘विकासविरोधी’ ठरतो. हा शिक्का आज आपल्याला मारला जातो तेव्हा दचकू नका. तो जुना आहे.

त्यांचा हा विचार किती पक्का होता, हे १९ ऑक्टोबर १८८२ च्या त्यांच्या हंटर आयोगापुढील निवेदनातून कळते. सरकारच्या महसुलाचा मोठा हिस्सा रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी तिथे ठणकावून सांगितले. नगरपालिकांबद्दल तर त्यांनी नेमकी मागणी केली. मोठ्या शहरांच्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा; पण त्या शाळांची व्यवस्था मात्र संपूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये. पैसा नगरपालिकेचा, पण कारभार तिच्याकडे नाही. असे का? सहा वर्षे आत बसलेल्या माणसाला तिथे कोण बसतो आणि कोणाच्या मुलाला कुठे बसवतो, हे चांगले कळले होते, असाच याचा अर्थ मी लावते.

पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. गव्हर्नरचे नाव जाऊन जोतीरावांचे आले, हा विजय लहान नाही. ज्या शहराने त्यांच्यावर शेण-दगड फेकू दिले, त्या शहराच्या काळजावर त्यांचे नाव कोरले गेले. पण यातला विरोधाभास आपण विसरू नये. ज्या खर्चाला त्यांनी विरोध केला, त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले आणि ज्या प्रश्नासाठी विरोध केला तो प्रश्न सभागृहात बेवारस पडला.

कौन्सिल आणि तळे

तो प्रश्न उचलला बाबासाहेबांनी. १९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले, तेही सरकारनियुक्त सभासद म्हणून. जोतीरावांनंतर अर्धे शतक उलटले तरी आपल्या माणसाला सभागृहात जाण्याचे दार तेच होते. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी करपद्धतीतला अन्याय मांडला. प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिळते, पण जमीन महसूल एक एकरवाल्यालाही चुकत नाही आणि शंभर एकरवाल्यालाही त्याच दराने लागतो. ज्याची ऐपत नाही त्याच्यावर बोजा, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर लिहिलेला ग्रंथ त्याच्या दोनच वर्षे आधी प्रसिद्ध झाला होता. आकड्यांत त्यांना फसवणे कोणाला शक्य नव्हते.

या भाषणानंतर महिना पुरा व्हायच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पोहोचले. आपण या दोन घटना वेगवेगळ्या वाचतो: एक अर्थशास्त्रज्ञाची, दुसरी क्रांतिकारकाची. पण महाडचा लढा हा नगरपालिकेच्या मालमत्तेचा लढासुद्धा होता. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे कौन्सिलने म्हटले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळाले नाही. १९२६ मध्ये बोले यांनी पुढचे पाऊल टाकले: ज्या नगरपालिका हा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. जातीच्या भिंतीला हात घालताना तिजोरीच्या किल्लीला हात घालावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

सत्याग्रहानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. मग प्रकरण कोर्टात गेले. सवर्णांचा दावा होता की तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. ती अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही. सत्याग्रह एका दिवसाचा, पण कागदांची लढाई दहा वर्षांची. दोन्ही लढायांचा सेनापती एकच होता.

म्हणून कोणी म्हणाले की ‘आपली चळवळ स्वाभिमानाची, बजेट-बिजेट हे एनजीओवाल्यांचे काम’, तर त्याला महाड पुन्हा वाचायला द्या. स्वाभिमान ओंजळीत होता आणि हक्क नगरपालिकेच्या दप्तरात होता. बाबासाहेबांनी दोन्ही सोडले नाहीत.

दुसरे आरक्षण

आता आजच्याकडे येऊ. आरक्षण हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर नोकरी, प्रवेश आणि वॉर्ड येतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांत अनुसूचित जातींच्या जागा राखीव झाल्या. सरकारनियुक्तीचे दार जाऊन मतपेटीचे दार उघडले. हे फार मोठे पाऊल होते. पण शहरात आरक्षणाचा आणखी एक प्रकार असतो: जमिनीवरचे आरक्षण. १९१५ मध्ये मुंबई प्रांतात देशातला पहिला नगररचना कायदा झाला. आज १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा चालतो. त्याखाली प्रत्येक शहराचा विकास आराखडा तयार होतो. कोणता तुकडा शाळेचा, कोणता दवाखान्याचा, बागेचा, बाजाराचा, गरिबांच्या घरांचा, हे त्या नकाशावर ठरते.

हे आरक्षण कायमचे नसते. आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही काही झाले नाही तर आरक्षण रद्द होते. शाळेची जागा मोकळी होते आणि तिथे गाळे उभे राहतात. संपादन का झाले नाही? तर अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. म्हणजे नकाशा आणि वही एकमेकांना जोडलेले आहेत. नोकरीतले आरक्षण कोणी काढायला निघाला तर आपण रस्त्यावर येतो. जमिनीवरचे आरक्षण मुदत संपून मरते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

नकाशाचे रंगही समजून घ्या. हिरवा शेतीचा, पिवळा रहिवासाचा. हिरव्याचा पिवळा झाला की एका रात्रीत जमिनीचा भाव वाढतो. कोणत्या बाजूला पिवळा येणार हे ज्याला आधी कळते तो आधी जमीन घेतो. आपल्या महार वतनाच्या जमिनी अनेक ठिकाणी गावाच्या कडेला, आणि आता शहरांच्या वाढत्या हद्दीत आहेत. वतनाच्या वेठबिगारीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने वतने संपली आणि जमिनी शर्तीवर परत मिळाल्या. त्या विकायला सरकारी परवानगीची अट आहे, ती आपल्या रक्षणासाठी आहे. पण ज्याने नकाशा पाहिलेला नाही, तो म्हातारा माणूस हिरव्याच्या भावात अंगठा देऊन बसतो. आराखडा वाचता येणे हा म्हणूनच आपल्यासाठी जमीन वाचवण्याचा प्रश्न आहे.

कळसला याचे काय?

कळस तर इंदापूर तालुक्यातले गाव, आपल्याला पुण्याच्या नकाशाशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. खडकवासल्याचे पाणी पुणे शहर पिते आणि त्याच पाण्याचा कालवा हवेली, दौंड करत आपल्या इंदापूर तालुक्यापर्यंत येतो. शहरात जितके मजले वाढतात तितकी पाण्याची मागणी वाढते आणि आपले आवर्तन लांबते. बागायतदाराचे पीक जळते, ते बातमीत येते. त्याच्या शेतावर खुरपायला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे कामाचे दिवस बुडतात, ते बातमीतही येत नाही. ज्या धरणाच्या कामावर जोतीराव कंत्राटदार होते, त्याच धरणाच्या पाण्याने शहर आणि खेडे यांचा हिशेब आजही बांधलेला आहे.

बारामती आणि इंदापूर ही तर आपली रोजची शहरे. बाजार, दवाखाना, कॉलेज, मजुरी सगळे तिथे. तिथे हातगाडी कुठे उभी राहील, भाजीवालीला ओटा मिळेल की नाही, मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहाला जागा मध्यवस्तीत मिळेल की गावाबाहेर, हे तिथल्या आराखड्यात ठरते. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. हरकत लिहायला वकील लागत नाही. साध्या कागदावर, सर्व्हे नंबर घालून, मुदतीत दिली तर तिची सुनावणी घ्यावी लागते. बिल्डरच्या हरकती टाइप होऊन, नकाशे जोडून पोहोचतात. आपल्या किती पोहोचतात?

आणि गावात तर सबबच नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. जिल्हा परिषदेसाठी हा वाटा २० टक्के, नगरपालिकेत दुर्बल घटकांसाठी ५ टक्के. आपल्याला घराचा उतारा काढायला नमुना ८ माहीत असतो. पण नमुना १ म्हणजे ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक. ते किती जणांनी पाहिले आहे? १५ टक्क्यांतून दरवर्षी त्याच गल्लीत पेव्हिंग ब्लॉक बसतात आणि उखडतात. अभ्यासिकेला, मुलांच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना मात्र ‘निधी नाही’. एक हजार रुपयांची सजावट अजून चालूच आहे, फक्त व्हाइसरॉय बदलले आहेत.

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर सलग काही वर्षे तिथे नगरसेवकच नव्हते. प्रशासकानेच अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. पूर्वी ३२ जणांत विरोधाचे एक तरी मत पडले होते. या काळात मत देणारा सभागृहात कोणी नव्हता आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी त्याबद्दल आवाज उठवला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रो मार्ग सुरू झाला. मंडईखाली आता स्टेशन आहे. त्याच दिवशी भिडेवाड्यातल्या स्मारकाचे भूमिपूजन झाले. मुलींच्या १८४८ च्या शाळेची ती जागा, कोर्टकज्जात वर्षानुवर्षे अडकली होती. मेट्रोही हवी आणि स्मारक तर हवेच हवे. पण त्या स्मारकाच्या आसपासच्या महापालिका शाळांना यंदा किती रुपये मिळाले, हे विचारल्याशिवाय सावित्रीमाई आणि जोतीराव यांचे स्मरण पुरे होत नाही.

तरुण मित्रमैत्रिणींनो, प्रत्येक जयंती मंडळाने दोन माणसे या कामाला द्यावीत, एक मुलगा आणि एक मुलगी. डिसेंबर-जानेवारीत ग्रामपंचायतीत नमुना १ मागा; दिला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत १५ टक्क्यांचा मागच्या वर्षीचा खर्च मोठ्याने वाचून दाखवा. बारामती-इंदापुरात राहणाऱ्यांनी विकास आराखड्याचा नकाशा घेऊन आपल्या वस्तीचा रंग आणि आजूबाजूच्या आरक्षणांची यादी काढावी, कोणते आरक्षण किती वर्षांचे झाले ते लिहून ठेवावे. मग ११ एप्रिलला फोटोला हार घालताना शेजारच्या फळ्यावर ते आकडे लावा. जोतीरावांना ती आदरांजली नक्की आवडेल, कारण ती त्यांच्याच वहीतली असेल.

जय जोती! जय भीम!